आठ बाय चारचे घर

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची, दोन माणसांना आडवे होता येईल एवढीच चिमुकली लाकडी खोली. पुढून गोलाईने वर चढलेली आणि मागे निमुळती होत उतरलेली तिची बाजू थेंबासारखी दिसते. आत उभे राहता येत नाही. बाजूच्या छोट्या दारातून वाकून शिरायचे आणि थेट गादीवर बसायचे. स्वयंपाकघर आत नसतेच. मागचे मोठे झाकण वर उचलले की त्याखाली ओटा, कप्पे, बर्फपेटी आणि स्टोव्ह. उचललेले झाकणच स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर. अमेरिकेत १९३०च्या दशकात हा प्रकार रूढ झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे भरभराटीला आला, पुढे जवळजवळ दिसेनासा झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा रस्त्यावर आला. कारखान्यांनीही असे ट्रेलर बनवले. तरी त्याची खरी परंपरा घरामागच्या गॅरेजात, मासिकातला नकाशा भिंतीला टाचून, सुट्टीच्या दिवशी करवत हाती घेणाऱ्या हौशी माणसांची आहे.

या ट्रेलरचा इतिहास बहुधा त्याच्या वारा कापणाऱ्या आकाराचा म्हणून सांगितला जातो. तो अर्धाच खरा. त्याची लांबी, रुंदी, उंची आणि त्याचे वळणसुद्धा ज्या वस्तूने ठरवले, ती होती प्लायवूडची आठ बाय चार फुटांची शीट. महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्लायच्या दुकानात आजही हेच माप मिळते. त्या शीटला मोटार आणि मासिक यांची जोड मिळाली आणि सामान्य पगारदाराला चाकांवरचे घर स्वतः बांधता येऊ लागले.

मोटार आधी आली. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये विक्रीला आली तेव्हा तिची किंमत साडेआठशे डॉलरांच्या घरात होती. १९२५ पर्यंत तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरांना मिळू लागला. तोवर लांबचा प्रवास रेल्वेने व्हायचा आणि मुक्काम हॉटेलात. मोटारीने दोन्ही बंधने सैल केली. १९१५ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मोटारींना प्रवेश मिळाला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तंबू, भांडी, अंथरूण गाडीला बांधून निघायचे, ही मध्यमवर्गाची नवी रीत झाली. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे एकत्र मुक्कामाला जात, त्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येत आणि या रीतीला प्रतिष्ठाही मिळे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही मोटारमुक्कामी लोकांची संघटना स्थापन झाली. तिचे सदस्य ओळखीची खूण म्हणून गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर पत्र्याचा डबा बसवत.

तंबूची अडचण मात्र कोणालाही चुकली नाही. तो उभारायला वेळ लागे, पावसात भिजे आणि ओला गुंडाळला की कुजे. डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी कुटुंबासाठी तंबूचा एक ट्रेलर विकत घेतला. तो उभारता उभारता पावसाने गाठले आणि सगळे भिजले. त्यांनी मग लाकडी सांगाड्यावर मेसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या लाकूडलगद्याचे, तक्ते ठोकून पक्क्या भिंतींचा ट्रेलर करून घेतला. लोक त्याची चौकशी करू लागले. शर्मन यांनी १९३० च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात तो मांडला, आणि त्यातून उभी राहिलेली ‘कव्हर्ड वॅगन’ ही कंपनी काही वर्षांतच देशातली सर्वांत मोठी ट्रेलर उत्पादक झाली. मंदीचा काळ असूनही हा धंदा वाढत होता. रॉजर बॅबसन यांच्यासारख्या नामांकित आर्थिक भाकीतकाराने तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील असे जाहीर केले होते. तसे काही घडले नाही. पण त्या दिवसांतली हवा या भाकितावरून कळते.

वॉली बायम यांची हकीकत घरगुती बांधणीच्या परंपरेच्या अधिक जवळची आहे. ‘एअरस्ट्रीम’ या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेलरमुळे त्यांचे नाव आज माहीत आहे, पण सुरुवातीला ते लॉस एंजेलिसमध्ये मासिके काढत. पत्नीला स्वयंपाकघराशिवाय मुक्काम नको होता. त्यांनी मॉडेल टीच्या सांगाड्यावर आधी तंबू बसवून पाहिला आणि तो गैरसोयीचा ठरल्यावर थेंबाच्या आकाराची पक्की खोली बांधली, आत छोटी बर्फपेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह. शंभर डॉलरांत ट्रेलर कसा बांधावा, असा त्यांचा लेख ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’मध्ये आला. नकाशांना मागणी इतकी आली की तोच व्यवसाय झाला. १९३६ मध्ये त्यांनी ‘क्लिपर’ बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत १,२०० डॉलर होती. फोर्ड मोटारीच्या दुपटीहून जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक मोजकेच. बाकीच्यांच्या वाट्याला शंभर डॉलरांचा लेखच आला, आणि त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

अशा मासिकांचे जाळे अमेरिकेत आधीच पसरले होते. शिकागोचे ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ १९०२ मध्ये सुरू झाले. ‘पॉप्युलर सायन्स’ त्याहून जुने, १८७२ चे. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ आणि ‘पॉप्युलर होमक्राफ्ट’ नंतर आले. होडी, कपाट, रेडिओ, मुलांची गाडी असे काहीही घरी बनवण्याचे नकाशे त्यांत असत. वाचक कारकून असो की शेतकरी, त्याच्याकडे करवत, रंधा, हातड्रिल आणि चिकाटी आहे एवढेच हे लेख गृहीत धरत. टिअरड्रॉपचा पहिला प्रसिद्ध नकाशा कॅलिफोर्नियातल्या पसाडेना येथील लुई रॉजर्स यांचा मानला जातो. नवविवाहित जोडप्याने मधुचंद्राला न्यावे असे हे घर, आणि त्याचे नावही तसेच ठेवलेले होते. त्यानंतर एकामागून एक मासिकाने असे नकाशे छापले. घरी कोणी किती ट्रेलर बांधले याची मोजदाद कुठल्याच नोंदवहीत नाही. कारखान्यांच्या जाहिराती जपल्या गेल्या, त्यामुळे या परंपरेतला सर्वांत मोठा भाग इतिहासातून निसटला आहे.

आकाराला त्या काळच्या अभिरुचीचा आधार होता, हेही खरे. जर्मन अभियंता एडमुंड रुम्प्लर यांनी १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबाकृती मोटार मांडली होती. पन्नासहून अधिक वर्षांनी वातबोगद्यात तिची चाचणी झाली तेव्हा तिचा वातरोध गुणांक केवळ ०.२८ निघाला. त्या वेळच्या नव्याकोऱ्या मोटारींनाही तो सहसा साधत नव्हता. १९३४ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरची ‘एअरफ्लो’ मोटार आणि पोलादी ‘झेफर’ आगगाडी आली, आणि गोलाई म्हणजे प्रगती हे समीकरण इस्त्रीपासून फ्रिजपर्यंत पोहोचले. पडणारा पावसाचा थेंब मात्र असा नसतोच. पृष्ठताणामुळे लहान थेंब गोल राहतो, मोठा खालून चपटा होतो. वाऱ्याला सर्वांत कमी अडवणाऱ्या आकाराचे तोंड बोथट आणि शेपूट लांब, सावकाश निमुळते होत जाणारे असावे लागते. आठ फुटांत तेवढे शेपूट मावत नाही. टिअरड्रॉप ओढायला हलका वाटतो याची मुख्य कारणे त्याची कमी उंची, कमी रुंदी आणि मोटारीच्या आडोशाला राहणे ही आहेत.

आठ फूटच का, या प्रश्नाचे उत्तर ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या लाकूड गिरण्यांकडे आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवायची कल्पना फार जुनी. पण डग्लस फर या वृक्षाचे प्लायवूड प्रथम लोकांसमोर आले ते १९०५ मध्ये, पोर्टलंडच्या जागतिक प्रदर्शनात. तिथल्या एका कारखान्याच्या कामगारांनी रंगाच्या ब्रशने सरस लावून, घरे उचलायच्या जॅकने दाब देऊन ते तक्ते तयार केले होते. दारे बनवणाऱ्यांनी ते उचलले. १९२०च्या दशकात मोटारीच्या पायऱ्यांसाठीही ते वापरले जाऊ लागले, पण सरस पाण्याला टिकेना. पावसात थर सुटू लागले आणि मोटार कारखाने पत्र्याकडे वळले. १९२८ मध्ये आठ बाय चार फुटांची शीट हे प्रमाण माप म्हणून पुढे आले. १९३४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या हार्बर प्लायवूड कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जेम्स नेव्हिन यांना पूर्णपणे पाण्याला टिकणारा चिकट पदार्थ साधला. टिअरड्रॉपचा उदय नेमका याच वर्षांतला आहे, आणि हा योगायोग नाही. पावसात उघड्यावर उभी राहणारी हलकी भिंत एकाच मोठ्या तुकड्यातून, सांध्याशिवाय कापता येणे त्याआधी शक्यच नव्हते.

आता ट्रेलरची मापे पाहावीत. एक शीट जमिनीला आडवी टाकली की चार फूट रुंदी आणि आठ फूट लांबी ठरली. दोन शीट उभ्या केल्या की दोन भिंती झाल्या, चार फूट उंच. छपराची वक्र लांबी आठ फुटांहून जास्त भरते. तिथे पातळ प्लायचे दोन तुकडे लागतात आणि त्यांचा सांधा एका फासळीवर घेतला जातो. मधली आडभिंत आणि ओट्याचे कप्पे आणखी एकदोन शीटमध्ये बसतात. यातले कुठलेही माप इंचभर वाढवले की नवी शीट घ्यावी लागते आणि तिचा बहुतेक भाग वाया जातो. अमेरिकेतली दोघांची प्रमाण गादी ५४ इंच रुंद असते आणि ती या चार फुटांत मावत नाही. तरी अनेक वर्षे हौशी बांधणाऱ्यांनी शीट मोडली नाही, गादीच कापून घेतली.

बांधणीची सुरुवात लोखंडापासून होते. जुन्या काळी भंगारातल्या मोटारीचा पुढचा आस, चाके आणि पाट्यांच्या स्प्रिंगा घेत आणि अँगलच्या चौकटीला वेल्ड करत. १९२८ ते १९३१ मधली फोर्डची ‘मॉडेल ए’ त्यासाठी आवडती होती. चौकटीला पुढे दांडा आणि त्याच्या टोकाला मोटारीच्या गोळ्यावर बसणारी वाटी. चौकटीवर डांबर किंवा रंग फासलेला तळ बोल्टने आवळला की सुताराचे काम सुरू होते.

सारा जीव भिंतीच्या वळणात असतो. मासिकातला नकाशा चौकोनांच्या जाळीवर छापलेला असे. वाचक तीच जाळी मोठ्या मापात शीटवर आखत असे, आणि वळण जिथे जिथे रेघांना छेदते तिथे खिळे ठोकून त्यांना टेकवून एक लवचीक लाकडी पट्टी वाकवत असे. पट्टीच्या कडेने पेन्सिल फिरवली की निर्दोष वळण उमटते. होड्या बांधणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. लाकूड स्वतःहून जसे वाकते तसेच वळण डोळ्यालाही बरे वाटते. दोन्ही शीट एकमेकींवर आवळून एकदमच कापतात, म्हणजे दोन बाजूंत फरक पडत नाही. मग त्या तळाच्या कडांना स्क्रूने उभ्या करायच्या आणि माथ्यावर ठरावीक अंतराने आडव्या फासळ्या घालायच्या. फासळ्यांवर आतून एक आणि बाहेरून एक पातळ कातडे, मध्ये थंडी अडवण्यासाठी लोकर किंवा तत्सम भरण. बाहेरचे कातडे अष्टमांश इंच जाडीचे प्लाय असेल तर ते पुढच्या तीव्र वळणावर तडकण्याची भीती असते. त्यासाठी पृष्ठावरच्या रेषा आडव्या येतील असे ते लावतात, आधी गरम पाण्याने भिजवतात आणि एका टोकाकडून हळूहळू ओढत बसवतात. या कामाला दोन माणसे आणि भरपूर शिकंजे लागतात. घाई केलेली पुढे दिसतेच.

सर्वांत कठीण भाग मागच्या झाकणाचा. भिंतींच्या मागच्या कडा ज्या वळणात कापल्या, त्याच वळणाच्या कमानी झाकणाला कापाव्या लागतात. पण कातडे चढवून शिकंजे काढले की लाकूड थोडे सरळ व्हायला बघते, आणि खाली बोटभर फट राहते. जाणते कारागीर कमानी जाणूनबुजून थोड्या जास्त वाकवतात किंवा झाकण जागेवरच, भिंतींवर टेकवून बांधतात. वरच्या बिजागरीतून पाणी शिरणे हा या ट्रेलरचा जन्माचा रोग. जुने टिअरड्रॉप सापडतात तेव्हा सांगाडा आणि पत्रा शाबूत असतो, आणि बिजागरीखालची फासळी हाताने चुरता येते. म्हणून झाकणाच्या कडेने पन्हळ ठेवणे, प्लायच्या उघड्या कडांना रंग किंवा व्हार्निश मुरेपर्यंत पाजणे आणि प्रत्येक पट्टीखाली लुकण भरणे याला चांगल्या नकाशांत मोठी जागा दिलेली असते. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा परवडत नसे, तेव्हा रंगात भिजवलेले कॅनव्हास छपरावर ताणून बसवत.

स्वयंपाकघर मागे आणि बाहेर ठेवण्यामागे पक्के शहाणपण आहे. आतली हवा जेमतेम शंभर घनफुटांची. तिथे रॉकेलचा स्टोव्ह पेटवणे म्हणजे आगीला आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. मधली आडभिंत दोन्ही धोके आणि फोडणीचा वास बिछान्यापासून दूर ठेवते. मात्र ओटा, पाणी, बर्फ, डबे असे सगळे जड सामान त्यामुळे मागे जाते, आणि मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. तसे होऊ नये म्हणून एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार मोटारीच्या गोळ्यावर पडायला हवा. त्यासाठी आस लांबीच्या मध्यावर न बसवता थोडा मागे सरकवतात. आकार कितीही सुबक साधला तरी हा एक हिशेब चुकला की ट्रेलर रस्त्यावर नेण्याच्या लायकीचा राहत नाही.

युद्धाने ही हौस थांबवली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन बंद झाले, वर्षाअखेरीस देशभर पेट्रोलचे रेशनिंग आले आणि प्लायवूड सैन्याच्या बराकींकडे व होड्यांकडे वळले. १९४५ नंतर सगळे उलट फिरले. सैन्याचे उरलेले सामान दुकानांत स्वस्तात विकायला आले. त्यात जीपची चाके होती आणि विमानांसाठी तयार झालेला पत्राही. त्या काळच्या ट्रेलरच्या छपराचा पत्रा बॉम्बर विमानाच्या पंखांचा आहे, असे मालक आजही अभिमानाने सांगतात. युद्धात वेल्डिंग आणि रिव्हेट मारायला शिकलेले लाखो हात घरी परतले होते. सप्टेंबर १९४७ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये दोघांसाठीच्या ट्रेलरचा जो नकाशा आला, तो या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध, आजही त्यावरून ट्रेलर बांधले जातात. कॅलिफोर्नियात ‘किट’सारख्या कंपन्यांनी तयार टिअरड्रॉपही विकले. कारखान्यातला ट्रेलर आणि गॅरेजातला ट्रेलर शेजारी उभे केले तर पुष्कळदा फरक फक्त नामपट्टीत दिसे.

उतार लागला तो कोणत्याही एका कारणाने नाही. युद्धोत्तर जोडप्यांना मुले झाली आणि दोघांच्या बिछान्यात चौघे मावेनात. मोटारींना आठ सिलिंडरची दणकट इंजिने आली, त्यामुळे हलक्या ट्रेलरची निकड उरली नाही. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे काम हाती घेतले गेले, आणि रुंद, सपाट रस्त्यावर संडास-बाथरूमसह उभे राहता येईल असे मोठे ट्रेलर सहज ओढता येऊ लागले. ज्यांना छोटेच हवे होते त्यांच्यापुढे फोक्सवॅगनची मुक्कामी बस आली. टिअरड्रॉप मागच्या अंगणात गेले, कोणी त्यांत कोंबड्या ठेवल्या, कोणी हत्यारे.

पुनरुज्जीवन जुन्या मोटारींच्या शौकिनांनी केले. १९३०-४०च्या दशकांतली मोटार दुरुस्त करून तिच्यामागे त्याच काळातला ट्रेलर जोडावा, या हौसेतून अंगणातले सांगाडे शोधले गेले. कुजलेल्या भिंतींवरून माप घेऊन नवे नकाशे आखले गेले आणि १९९०च्या दशकात इंटरनेटमुळे ते जगभर पोहोचले. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्येही घरगुती बांधणीला जोर आला. छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारी पुन्हा आल्याने चारपाचशे किलोंचा ट्रेलर सोयीचा ठरला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घरी बांधलेल्या ट्रेलरची रीतसर नोंदणी करता येते, हेही या हौशीच्या पथ्यावर पडले.

साहित्य बदलले आहे. भंगारातल्या आसाच्या जागी रबराच्या पिळावर चालणारा तयार आस येतो, कॅनव्हासच्या जागी काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी, सरसाच्या जागी पॉलियुरेथेन. नकाशाची जाळी शीटवर हाताने आखण्याऐवजी संगणकावर चालणारे कापणीयंत्र दोन्ही भिंती काही मिनिटांत काढून देते. पत्र्याने झाकण्याऐवजी लाकडाच्या रेषा व्हार्निशखाली उघड्या ठेवण्याची पद्धतही लोकप्रिय झाली आहे. मापात एकच मोठा बदल झाला आहे, तो रुंदीचा. पूर्ण गादी मावावी म्हणून आज पाच फूट रुंदीचे ट्रेलर सर्रास दिसतात. कारखाने त्यासाठी संमिश्र पत्र्यांचे मोठे तक्ते वापरतात, आणि घरी बांधणारे तळाला फूटभर पट्टी जोडतात किंवा पाच बाय पाच फुटांत येणारे बर्चचे बाल्टिक प्लाय घेतात. भिंती मात्र अजूनही बहुतेकदा आठ बाय चारच्या एकाच शीटमधून कापल्या जातात.